करंगळीची पाच अक्षरं

भिंगरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. पण त्या शनिवारी सकाळी नऊपासून ती पुढच्या खोलीत, आईच्या कामाच्या टेबलापाशी, श्वास रोखून बसली होती. समोर नवा कोरा कॉम्प्युटर, हातात पेन ड्राइव्ह, आणि मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली आई.

"पुन्हा एकदा सांग," आई म्हणाली. "आत्ता यात जे आहे ते तू पुसणार."

"हो."

"चालू असलेलं."

"हो गं."

"आणि त्या जागी दुसरं बसवणार. ते चालेल की नाही, देव जाणे."

"चालणार! महिनाभर वाचतेय मी. शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबवाल्या बाईंनी स्वतः पेन ड्राइव्ह तपासून दिलाय. घर पाडत नाहीये आई, फक्त भाडेकरू बदलतेय."

"आधीचा भाडेकरू निदान गप्प बसला होता बिचारा," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

आता ही सगळी उठाठेव कशासाठी, तर आईच्या उजव्या करंगळीसाठी. भिंगरीच्या जन्माच्या आदल्या वर्षी ती करंगळी एका लोखंडी फाटकात सापडली आणि तेव्हापासून वाकायचीच बंद झाली. दुसऱ्या कुणाचं यात फार बिघडलं नसतं. पण आईचा धंदा टायपिंगचा. लोकांचे प्रबंध, अर्ज, आठवणी, ज्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही अशांचे कागद, सगळं आईकडे येई आणि सुवाच्य होऊन परत जाई. आणि कीबोर्डवर उजव्या करंगळीच्या वाट्याला पाच अक्षरं येतात: च, ट, ज, ड, य. या पाचजणांवाचून साधं 'चटकन ये' म्हणायची सोय नाही.

त्यावर मामानं तोड काढली होती. मामा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं बहिणीला एक मशीन जोडून दिलं, त्यात लिनक्स नावाची, आतून हवी तशी बदलता येणारी सिस्टिम बसवली आणि त्याच्या आत शिरून ती पाच अक्षरं उचलून धडधाकट बोटांच्या हाताखाली नेऊन ठेवली. पुढे आणखी चारदोन अक्षरं इकडची तिकडे केली. आई सोळा वर्षं त्याच मांडणीवर टाइप करत आली. इतकी, की सगळ्या जगाचे कीबोर्ड असेच असतात असं तिला वाटायचं.

मामा दोन वर्षांपूर्वी गेला. आणि गेल्या महिन्यात एका दुपारी जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि मामाचं मशीनही गेलं, आतल्या डिस्कसकट. आईची कामं वाचली, कारण रोज संध्याकाळी ती सगळं निळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायची. मामाची मांडणी मात्र कुणी उतरवली नव्हती. ती कुणाला 'काम' वाटलीच नव्हती.

नव्या कॉम्प्युटरवर पाचही अक्षरं परत करंगळीकडे. आई पडद्याकडे बघत डाव्या तर्जनीनं एकेक अक्षर शोधायची, कोंबडी दाणे टिपते तशी. दुकानदारानं घालून दिलेल्या सिस्टिममध्ये कीबोर्डांची लांबलचक यादी होती, पण त्यातलं एकही अक्षर जागचं हलवायची सोय भिंगरीला काही सापडली नाही. असेल कुठेतरी, पण तिला नाही सापडली. म्हणून तिनं मामासारखं लिनक्सच बसवायचं ठरवलं. तेवढ्यात ओळखीच्या एका वकीलबाईंचा निरोप आला, की ऑफिसात समोरच्या टेबलावर बसायला माणूस हवंय. येणाऱ्याला खुर्ची दाखवायची, फोन उचलायचे. शनिवारी पाचपर्यंत हो-नाही कळवा.

"हो म्हणून टाकते," आई जेवताना बाबांना म्हणाली. "टायपिंग झालं आता." इतक्या शांतपणे, की भिंगरीनं हातातला घास परत ताटात ठेवला. आईच्या बोटांचा तो खडखडाट ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. तो आवाज बंद होणार म्हणजे काय?

"शनिवारी पाचपर्यंत थांब," ती म्हणाली. "मी करते."

मी करते! गेल्या महिन्यात भर सभागृहात, मुख्याध्यापिकांसकट तीनशे जणांसमोर हिनं बंद पडलेला प्रोजेक्टर चालू करून दाखवला होता, तेव्हापासून हे दोन शब्द बाईसाहेबांच्या जिभेवर बसले होते.

तर सकाळी नऊ. कॉम्प्युटर सुरू होताना एक ठरावीक बटण टकटक दाबत राहायचं असतं. पहिल्यांदा उशीर झाला. दुसऱ्यांदा भलतंच बटण. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर पांढरी यादी उमटली. भिंगरीनं पेन ड्राइव्ह निवडला आणि आधी काहीही न पुसता नुसतं चालवून पाहिलं. इंटरनेट लागलं, आवाज आला, प्रिंटरनं न कुरकुरता एक पान काढून दिलं. त्या पानाकडे बघून आईच्या कपाळावरच्या दोन आठ्या कमी झाल्या. एक राहिली.

मग तो प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?

भिंगरीचं बोट थबकलं. तिनं खणातला निळा पेन ड्राइव्ह काढून आईच्या हातात दिला. "हा मुठीत धर. मी म्हणेपर्यंत सोडू नको."

"लहान मुलीसारखी काय धरून बसू?"

"धर गं!"

आईनं मूठ मिटली. भिंगरीनं बटण दाबलं.

पुढे सगळं सुतासारखं सरळ. मध्येच पासवर्ड ठरवायची वेळ आली. "तुझं मशीन, तूच टाक. मी बघत नाही," म्हणून भिंगरीनं तोंड फिरवलं. खडखडखड. पुन्हा तोच टाका म्हटल्यावर पुन्हा खडखडखड. पडद्यावर नुसते ठिपके. दोन्ही जुळले. अकराच्या आत सगळं बसून, मशीन बंद होऊन चालूही झालं, आणि भिंगरीनं खोलीभर नाचून घेतलं.

आईनं एक ओळ टाइप करून पाहिली. अडखळली, खोडलं, पुन्हा अडखळली. "अगं, हे तर तसंच आहे."

"असणारच! पण आता अक्षरं हलवता येतात. हे बघ." भिंगरीनं एक फाइल उघडली. साध्या ओळी, प्रत्येक बटणासमोर त्याचं अक्षर. अक्षर बदला, बटण बदललं. "सांग आता. मामानं च कुठे ठेवला होता?"

आईनं दोन्ही हात हवेत धरले. बघत राहिली. "असा... नाही, इथे... थांब हं."

"बरं, ट?"

"अगं, मला नाही माहीत!" आई स्वतःच चकित झाली होती. "मी कधी शोधलाच नाही. तो यायचा."

झालं! घोडं पेंड खातं ते असं. जगात ती मांडणी दोनच ठिकाणी होती. एक जागा जळाली होती आणि दुसरी आईच्या बोटांत होती, पण बोटं काही सांगायला तयार नव्हती. भिंगरीनं माळ्यावरून मामाच्या मशीनचा जुना कीबोर्ड काढला. त्यावरची अक्षरं कधीच झिजून गुळगुळीत झाली होती, सगळी बटणं बिनचेहऱ्याची. "यावर टाइप करायचं नाटक कर, मी बोटांवर नजर ठेवते." पण नजर पडली की बोटं गोठत.

"तू अशी डोळे फाडून बघितलंस की हात लाजतात माझे," आई म्हणाली.

मग भिंगरीनं मामाच्या डोक्यानं विचार करून पाहिला. मी मामा असते तर च कुठे ठेवला असता? तिनं तीन मांडण्या रचल्या. आईनं तिन्हीवर इमानानं टाइप केलं आणि तिन्हीवर तिची बोटं एकमेकांत अडकली. दीड वाजला.

"राहू दे गं," आई म्हणाली. "केलंस ना एवढं? पुष्कळ झालं." रागावली असती तरी परवडलं असतं.

दोन वाजता दारावर काठीची टकटक झाली. पूलवाले आजोबा. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले आणि आता त्या पुलांवर पुस्तक लिहीत होते, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात. निम्मं आईनं टाइप करून दिलं होतं. निम्मं महिनाभर टेबलावर पडून होतं.

"घाई नाही बरं का बाई," ते बसता बसता म्हणाले. "पण तुम्ही ऑफिसात जाणार असं कानावर आलं. म्हटलं, पानं घेऊन जावी. उगीच तुमच्या टेबलावर अडगळ."

आईनं त्या पानांवर हात ठेवला. मग म्हणाली, "पाचपर्यंत थांबाल?"

भिंगरीनं झटकन वर पाहिलं.

"थांबतो की. घरी तरी कोण वाट बघतंय? टीव्ही?" आजोबांनी काठी कोपऱ्याला लावली. आई त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

तेवढ्यात वापर नाही म्हणून पडद्यानं आपोआप कुलूप लावून घेतलं.

"आई, पासवर्ड काय टाकलायस?"

"टाचणीपेटी!" आई आतून ओरडली.

"शेजारच्या गल्लीतही ऐकू गेलं," आजोबा म्हणाले.

भिंगरीनं टाइप केलं, टाचणीपेटी. चूक. पुन्हा सावकाश, एकेक अक्षर चाचपत. चूक. तिसऱ्यांदाही चूक. "आई, दुसरं काहीतरी टाकलंयस तू!"

"वा! मी टाकलेलं मला ठाऊक नाही?" आई पाण्याचा ग्लास आजोबांच्या हाती देऊन आली, उभ्या उभ्या वाकली, खडखडखड. कुलूप उघडलं. "बघ. टाचणीपेटी."

भिंगरीनं मुद्दाम पुन्हा कुलूप लावलं. स्वतः टाकलं: चूक. आईनं टाकलं: बरोबर. पुन्हा तेच. आजोबा पुढे सरकून बसले. "आईला ओळखतं, लेकीला नाही. हुशार आहे हो यंत्र!"

पासवर्डच्या चौकटीत कडेला डोळ्याचं छोटं चित्र असतं. ते दाबलं की ठिपक्यांच्या जागी खरी अक्षरं दिसतात. "आई, पुन्हा टाक. शेवटचं एंटर नको दाबू." आईनं टाकलं. भिंगरीनं डोळा दाबला.

पडद्यावर होतं: ,ाौणीपे,ी

"हे काय गं गचाळ?" आई म्हणाली. "हे मी नाही लिहिलं."

भिंगरी पडद्याला नाक लावून वाचायला लागली. 'ट'च्या जागी अल्पविराम, दोन्हीकडे. 'च'च्या जागी औकाराची मात्रा. आईच्या बोटांनी टाचणीपेटीच लिहिलं होतं, पण मामाच्या कीबोर्डवर! सकाळी, ठिपक्यांच्या आड, न अडखळता, दोनदा. पडद्यावर चूक अक्षर दिसलं की आई थांबायची, दचकायची, शोधायला लागायची. काहीच दिसत नव्हतं तेव्हा बोटं थेट आपल्या ओळखीच्या जागी गेली होती.

"टॉवेल!" भिंगरी किंचाळली. "टॉवेल कुठेय?"

"अगं, झालं काय?"

"तू बस! आजोबा, तुमचं एक पान द्या. कुठलंही. नको, भरगच्च असलेलं द्या!"

तिनं पडद्यावर टॉवेल टाकला, आजोबांचं पान आईच्या डावीकडे उभं केलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. "मी बघत नाही. आजोबा, तुम्हीही छताकडे बघा. आई, काम कर. रोजचं काम. काय उमटतंय त्याच्याशी तुझा संबंध नाही."

थोडा वेळ काहीच नाही. मग एक खट्. आणखी एक. आणि मग तो सुरू झाला, महिनाभर ऐकू न आलेला खडखडाट, आधी बिचकत, मग सलग, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं. तिला मागे वळावंसं इतकं वाटत होतं, की तिनं खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला.

"झालं पान," आई म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते.

टॉवेल काढला. पडदा पाहून आजोबांनी चष्मा पुसला. मात्रा अक्षरांवाचून लटकत होत्या, खुंटीवर नुसत्या टोप्या टांगाव्यात तशा. 'चाचणी'चं 'ौाौणी' झालं होतं आणि 'पट्टी'चं 'प,्,ी'.

"माझ्या तिसऱ्या खांबाची ही दशा!" आजोबा हळहळले.

"दशा नाही आजोबा, हीच तर उत्तरपत्रिका आहे. तुम्ही तुमचं पान एकेक अक्षर वाचा. मी पडद्यावर काय आहे ते सांगते. आई, तू लिहून घे."

"च," आजोबा म्हणाले.

"औकार!"

"य."

"ऐकार! आजोबा, थांबू नका!"

साडेतीनपर्यंत कागदावर अकरा जोड्या जमल्या. मामानं कशी गंमत केली होती! क्वचित लागणाऱ्या मात्रा करंगळीच्या कोपऱ्यात ढकलल्या होत्या आणि त्यांच्या रिकाम्या जागांवर आईची लाडकी अक्षरं आणून बसवली होती. 'ट'ला अल्पविरामाची जागा दिली होती आणि अल्पविराम डाव्या हाताच्या पार वरच्या टोकाला. पण झ, ढ, ठ आजोबांच्या पानात कुठेच आले नव्हते. ते ज, ड, ट यांच्याच बटणांवर शिफ्ट दाबून यायचे. मामानं त्यांना सोबत नेलं होतं की मागे ठेवलं होतं, कसं कळणार? आईला सरळ विचारायचं नव्हतं. विचारलं की बोटं लाजणार. भिंगरीनं पुन्हा टॉवेल टाकला.

"मी सांगते ते टाइप कर. पटापट. झाडाखालच्या ढोलाला झोप लागली."

खडखडखड.

"ढगानं ठसठशीत ढेकर दिली."

"हे कुठल्या पुस्तकातलं?" आजोबांनी विचारलं.

"झुरळ म्हणालं, ठीक आहे, ढकला मला!"

आई इतकी हसायला लागली की डोळे पुसायला तिला थांबावं लागलं. पण तोवर तिन्ही अक्षरं हाती आली होती. मामानं ती सोबतच नेली होती.

भिंगरीनं फाइल उघडली. आधी तिची एक नक्कल बाजूला काढली, मग एकेक ओळ बदलली. आजोबा कागदावरून जोड्या वाचत होते आणि ती मान हलवत होती. मध्ये तिच्या लक्षात आलं, की आईची बोटं आता खरंखुरं 'टाचणीपेटी' लिहिणार आणि कॉम्प्युटरच्या लक्षात मात्र ते गचाळच राहणार. म्हणून तिनं पासवर्डही बदलून ठेवला. पहिल्या खेपेला कुठेतरी एक कंस राहिला आणि मशीननं सगळी फाइलच धुडकावली. तो शोधण्यात वीस मिनिटं गेली. साडेचार वाजून गेले.

"बस," ती म्हणाली. तिनं खुर्ची आईकडे सरकवली.

"टॉवेल?" आईनं विचारलं.

"टॉवेल नाही."

आईनं पान लावलं. हात कीबोर्डवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. पहिली ओळ तशीच मिटल्या डोळ्यांनी टाइप केली. मग एक डोळा उघडला.

पडद्यावर होतं: तिसऱ्या खांबाच्या पायाची चाचणी तीन दिवस चालली.

आईनं दुसरा डोळाही उघडला. ती पुढच्या ओळीला लागली. मग त्याच्या पुढच्या. खडखडाट वाढत गेला आणि भिंगरी जमिनीवर बसून तो ऐकत राहिली, पाय पसरून, पाठ भिंतीला टेकून, परीक्षा संपल्यासारखी. आजोबा आपला तिसरा खांब पडद्यावर उभा राहताना बघत होते आणि ओठांतल्या ओठांत वाचत होते.

पाचाला फोन वाजला. भिंगरी उठायला गेली तर आईनं मानेनंच 'थांब' म्हटलं. हातातलं वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला आणि मग फोन घेतला.

"हं, बोला वकीलबाई... नाही हो, नाही जमणार मला." आई उजव्या हाताची बोटं उघडमीट करत होती, करंगळी सोडून. "नाही नाही, पगाराचं नाही. माझं इथलंच काम पुष्कळ आहे. बाकी तुमची टायपिंगची कामं असतील तर पाठवा ना. त्या तुमच्या कारकुनाच्या नोटिसा वाचल्यात मी. ओळीला दोन चुका." ती हसली. "ठेवते हं."

आजोबांनी कोपऱ्यातली काठी घेतली. "मग अडगळ राहू दे इथेच?"

"अगदी. आणि उरलेलीही आणा."

ते गेल्यावर भिंगरीनं नवी फाइल निळ्या पेन ड्राइव्हवर उतरवली, मग स्वतःच्या ईमेलवर पाठवली, मग लॅबवाल्या बाईंनाही पाठवली. तिचं होईतो आई बाजूला उभी राहून बघत होती. काहीतरी बोलायचं होतं तिला.

"काय गं?"

"एक विचारू?" आई जरा घुटमळली. "तो अल्पविराम. मामानं पार वर त्या टोकाला नेऊन ठेवलाय. प्रत्येक वेळी अख्खा हात उचलावा लागतो."

"मग त्याला सांगितलं नाहीस कधी?"

"तो इतका खूश होता गं. दोन रात्री जागून केलं होतं त्यानं. म्हटलं, एका अल्पविरामासाठी कशाला?" ती खुर्चीत बसली. "सोळा वर्षं उचलतेय हात."

भिंगरीनं फाइल पुन्हा उघडली. मामाची ती ओळ समोर होती. तिनं ती क्षणभर तशीच राहू दिली.

"कुठे ठेवू?"

आईनं डावा हात कीबोर्डवर ठेवला, डोळे मिटले आणि अंगठ्याशेजारच्या बोटानं एक बटण हलकेच चाचपून पाहिलं. मग त्याच्या शेजारचं.

"इथे," ती म्हणाली.